डॉक्टरांची मोटार

दादांना विसर पडायला लागला तेव्हा सगळ्यात आधी त्यांचे रस्ते गेले. दादा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी गाडी चालवली. स्टेशनवर उतरलेल्या पर्यटकांना दौलताबाद, वेरूळ दाखवून संध्याकाळच्या गाडीला परत आणून सोडायचं, हा त्यांचा धंदा. कुठल्या वळणावर बैल आडवे येतात, कुठल्या पुलाचा कठडा तुटलाय, सगळं तोंडपाठ. त्या माणसाला एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीवरून घर सापडेना. डेअरीवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. सिडकोतल्या आमच्याच घराच्या दारात उभे राहून दादा मला म्हणाले, "इथं पाटी लावाय पायजे. परका माणूस चुकंल."

मी हसले. आई हसली नाही.

घरात आम्ही तिघंच. मी लग्न केलं नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, तिथं तपासणी विभागात मी वर्षानुवर्षं काम करते. ड्रॉइंगमध्ये जे माप दिलंय त्याबरहुकूम वस्तू आहे की नाही ते पाहायचं, नसेल तर बाजूला काढायची. दादांना दाखवलं त्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले, आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की हे परत येणारं नाही, सावकाश वाढत जाणारं आहे. ते आईकडं बघून म्हणाले, "जुन्या वस्तू दाखवत जा, जुन्या गोष्टी बोलत जा. नवं राहत नाही, पण जुनं बरेच दिवस टिकतं."

त्यानंतरच्या काही दिवसांत दादा एकच गोष्ट विचारू लागले. "मोटार कुठंय?"

ती मोटार करमाडला, मामाच्या शेतात, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती.

तिची हकिकत अशी. दादा तरुणपणी लासूर स्टेशनच्या एका डॉक्टरांकडं ड्रायव्हर होते. डॉक्टरांचं राहणं शहरात, दवाखाना लासूरला. रोज पहाटे त्यांना घेऊन जायचं आणि दिवस मावळल्यावर घेऊन यायचं. गाडी विलायती बनावटीची, फुगीर मडगार्डांची, चार दारांची. तिला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नसे, मोटार म्हटलं की तीच. पुढं डॉक्टर वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीनं मोटार दादांच्या हवाली केली आणि त्या आपल्या माहेरगावी निघून गेल्या.

त्या मोटारीवर दादांनी संसार उभा केला. पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन काढून डिझेलचं बसवलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, तो काढून खाली आणला. मागची बाकासारखी गादी काढून जास्तीची माणसं मावतील अशी बैठक केली. टपावर कॅरिअर आलं. मूळ रंगावर आधी निळा चढला, मग पांढरा. सीटांची कव्हरं आईनं हातमशिनवर शिवली, उन्हानं विटली की पुन्हा शिवली. भाड्याच्या खोलीतून आम्ही या घरात आलो ते सगळं सामान त्याच कॅरिअरवरून. आई पुढं बसली होती, मांडीवर देव घेऊन, आणि मी मागं पाट्या-वरवंट्याला टेकून. गिऱ्हाइकांना नव्या गाड्या पाहिजे झाल्या तेव्हा दादांनी दुसरी गाडी घेतली, आणि ही करमाडला जाऊन उभी राहिली. दरवर्षी धुऊन काढू म्हणायचे. नंतर तेही म्हणेनासे झाले.

मी मामाकडं गेले तेव्हा तिच्यात कडब्याच्या पेंढ्या भरलेल्या होत्या. टायर जमिनीला चिकटले होते. खालचा पत्रा बोट लावलं तरी भुसभुशीत होऊन पडत होता. मामा म्हणाला, "भंगारवाला दोनदा येऊन गेला. दाजींची हाय म्हणून दिली नाय."

दादांचा एक फोटो आमच्याकडं आहे. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मोटारीच्या बॉनेटवर एक हात. वय विशीतलं. त्यांच्या मनात मोटार म्हणजे ही फोटोतली असणार, असं मी धरून चालले. ती तशीच्या तशी परत उभी करायची, हे माझ्या डोक्यात बसलं ते तिथून. जुन्या गाड्यांचा शौक असणाऱ्या लोकांचा एक ग्रुप असतो मोबाइलवर, त्यात मी शिरले. तिथं एकच मंत्र, जसं कारखान्यातून निघालं तसं पाहिजे. स्क्रूचं डोकंसुद्धा वेगळं चालत नाही. माझ्या नोकरीच्या सवयीला हे सोपं होतं. ड्रॉइंग आहे, त्याबरहुकूम नसलेलं बाजूला काढायचं.

मोंढा नाक्याच्या मागं एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांचे वडील आणि दादा एकमेकांना ओळखायचे. मोटार ट्रकवर घालून त्यांच्या दारात उतरवली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ताई, काम होईंगा. पन टायम लगता. डिझेल इंजन ठेवायचं का काढायचं?"

"काढायचं. सगळं मूळचं पाहिजे."

"सीटां?"

"ती पण. कॅरिअर पण."

"दादांनी केलेलं काहीच नको?"

"नको," मी म्हणाले. मला तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

वर्षाच्या वर काम चाललं. खालचा पत्रा नवा ठोकला. मूळ जातीचं इंजिन मिळता मिळेना. शेवटी दौलताबादजवळ एका शेतात विहिरीवर तसलं एक सापडलं. कुणीतरी कधीकाळी त्याला पंप जोडला होता, रॉकेलवर चालवून चालवून ते कोळशासारखं काळं झालं होतं. ते उघडून, घासून, आत नवे पिस्टन टाकून मिस्त्रींनी जिवंत केलं. वळायचं असलं की या मोटारीच्या दारामागच्या खांबातून एक पिवळा छोटा हात बाहेर यायचा, आजच्या लाइटच्या जागी. ते दोन हात पुण्याच्या एका गृहस्थांनी पाठवले. मिस्त्रींनी ते उलटे जोडले, डावीकडचं बटण दाबलं की उजवा हात बाहेर. त्या दिवशी आम्ही दोघंही पोट धरून हसलो. वर्षभरात गॅरेजमध्ये हसलेलं तेवढंच मला आठवतं. कारण घरी दादांचं एकेक निखळत चाललं होतं. शर्टाची बटणं लावणं गेलं. नळ बंद करणं गेलं. माझं नाव कधी आठवायचं, कधी नाही. आईचं तर आधीपासूनच ते नाव घेत नसत, त्यामुळे ते गेलं कधी हे कळलंच नाही.

रविवारी मी त्यांना गॅरेजवर घेऊन जायची. पांढऱ्या रंगाच्या त्या सांगाड्याकडं ते परक्याच्या घराकडं पाहावं तसं पाहत. एका रविवारी मिस्त्री दाराचं रबर ओढून काढत होते. रबराखाली, जिथं दादांच्या ब्रशला पोचता आलं नव्हतं तिथं, मूळ रंगाची एक पट्टी निघाली. पिकल्या अंजिराचा असतो तसला. दादा खुर्चीवरून उठले, त्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही आपली हाय."

मी तिथंच रडले. मिस्त्री दुसरीकडं बघत पाना शोधू लागले. त्या दिवसानंतर मी मिस्त्रींच्या फारच मागं लागले. सुट्टी टाकून जायची, दिवसभर तिथं बसायची. मला वाटत होतं, मोटार पुरी झाली की दादा निदान थोडे तरी परत मिळतील.

आई एकदाच आली गॅरेजवर. डबा द्यायला. कोपऱ्यात काढून टाकलेल्या सामानाचा ढीग होता, त्यात तिनं शिवलेली कव्हरं होती, ग्रीस लागलेली. "ह्याचं काय करणार?" तिनं विचारलं. मी म्हणाले, टाकून देणार. तिनं ती उचलली, घडी करून पिशवीत घातली. घरी नेऊन धुतली आणि पुढं महिनाभर त्या कव्हरांनी फरशी पुसली.

मोटार घरी आली ती दिवाळीच्या आधी, एका सकाळी. मिस्त्रींनी स्वतः चालवत आणली. अंजिरी रंग, निकेलचे बंपर, मागं बाकासारखी गादी, स्टिअरिंगला गिअरचा दांडा. शेजारपाजारचे गेटपाशी जमले. मी दादांना हाताला धरून बाहेर आणलं.

ते पायरीवर थांबले. बघत राहिले. मग त्यांनी माझा हात सोडवून घेतला. शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि लावलं, कित्येक महिन्यांनी, स्वतःच्या हातानं. पायजम्याला तळहात पुसले. ताठ चालत मोटारीपाशी गेले, मागचं दार उघडून धरलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बसा बाईसाहेब. साहेब येतायत ना?"

मी जाऊन बसले. त्यांनी दार लावलं, आवाज न करता, हळू दाबून. तसं लावायची सवय असणार त्यांची, मी कधी पाहिली नव्हती. माझ्या आठवणीतले दादा दार धाडकन आपटायचे. आई दारात उभी होती. दादा खिडकीतून वाकून मला दबक्या आवाजात म्हणाले, "त्या बाई कोण? पेशंट हायेत का? त्यांना म्हणावं दवाखाना लासूरला हाय. साहेब घरी तपासत नायत."

आईनं ऐकलं. ती आत गेली.

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती मेथी निवडत होती. जुडी संपवून तिनं देठं बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझी काय चूक नाय. तू भल्यासाठी केलं. पण ही डॉक्टरची मोटार हाय, पोरी. हिच्यात मी कधी बसलेच नाय. मी आले तवा थोड्याच दिवसांत डॉक्टर गेले, अन् मग आपली झाली ती. मी पांढऱ्या गाडीतली."

मी म्हणाले, परत करून घेऊ का पांढरी? तिनं मान हलवली. "आता त्यांना तिथं बरं वाटतंय. राहू दे."

खरंच त्यांना तिथं बरं वाटत होतं, आणि तेच आम्हाला सोसवत नव्हतं. पहाटे उठून अंगणात जायचे, फडक्यानं मोटार पुसायचे. किल्ली मागायचे. साहेबांकडं आहे, असं मी सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं. जेवायला घरात येईनात. ड्रायव्हरनं पायरीवर बसायचं, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. आई पायरीवर ताट नेऊन द्यायची. ते ताट दोन्ही हातांनी घ्यायचे आणि म्हणायचे, "लई उपकार झाले बाई." लग्नाला उणीपुरी पन्नास वर्षं होत आलेली, आणि आई ते ऐकून घेऊन आत यायची. ओट्यापाशी उभी राहून स्वतःचं जेवण उरकायची.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका दुपारी मी कामावरून लवकर आले. गेट उघडलं तर मोटारीत दोघं दिसली. दादा पुढं, स्टिअरिंगवर हात ठेवून. आई मागं गादीवर, पदर सावरून, मांडीवर पिशवी घेऊन, प्रवासाला निघाल्यासारखी. काचा खाली होत्या. मी भिंतीलगत थांबले.

"कुठं जायचं बाई?" दादा विचारत होते.

"लासूरला."

"दवाखान्यात?"

"व्हय."

"काय होतंय?"

"काय नाय. झोप येत नाय रात्रीची."

"डॉक्टर देत्याल औषध. लई गुण हाय त्यांच्या हाताला." दादांनी दांडा ओढला, गिअर टाकल्यासारखा. मोटार जागची हलली नाही. ते रस्त्यावर नजर ठेवून स्टिअरिंग जरा जरा फिरवत राहिले. "माळीवाड्यापस्तोर खडबडीत हाय. पुढं चांगलाय रस्ता. दांडीला धरून बसा."

आईनं खरंच दांडीला धरलं.

थोड्या वेळानं दादाच बोलले. "बाई, एक विचारू? तुम्ही मोठ्या हायेत म्हणून."

"विचारा."

"माझं लग्न ठरतंय. करमाडची पोरगी हाय. बघून आलो मागल्या आठवड्यात. खाली मान घालून बसली होती, मला काय नीट दिसली नाय. पण माझ्या मनात भरली."

आईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"ती नाय म्हणंल, अशी भीती वाटती. आपण डायवर माणूस. पहाटं जाणार, अंधार पडल्यावर येणार. मोटार बी दुसऱ्याची. काय म्हणून हो म्हणंल ती?"

"म्हणंल," आई म्हणाली.

"कशावरून?"

"मी करमाडचीच हाय. वळखते तिला."

दादांनी स्टिअरिंग सोडलं आणि मागं वळून पाहिलं. "व्हय? कशी हाय हो?"

मला वाटलं ती आता रडेल. पण ती विचार करत होती, खरोखर कुणी स्थळाची चौकशी केल्यावर करतात तसा. "तापट हाय जराशी," ती म्हणाली. "अबोला धरला तर चार-चार दिस बोलत नाय. पण टाकून जायची नाय."

"मग झालं तर," दादा म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडं बघू लागले.

मी तशीच मागं फिरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन उगाच साबण घेऊन आले.

त्यानंतर आई रोज दुपारी लासूरला जाऊ लागली. काम आवरलं की पदर नीट करायची, पिशवी घ्यायची आणि मागं जाऊन बसायची. दादा तिला काय काय सांगत. लहानपणी त्यांची आई गेली ते. डॉक्टरांकडं लागण्याआधी अडतीवर पोती उचलली ते. एकदा एका बाळंतिणीला नेताना मोटार चिखलात रुतली आणि ती बाई तिथंच गेली, तिचा नवरा शेजारी कंदील धरून उभा होता, ते. आई रात्री मला सांगायची, आणि दर वेळी म्हणायची, "मला कधी बोलले नव्हते." तिच्या आवाजात राग नसायचा. एका दिवशी मात्र म्हणाली, "परक्या बाईला सांगितलं, मला नाय."

संक्रांतीच्या सुमाराला तेही थांबलं. मोटार समोर असली तरी दादा तिच्याकडं बघेनात. एका सकाळी मी फडकं हातात दिलं तर त्यांनी ते डोक्यावर ठेवलं. पुढं गिळणं अवघड झालं, छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. आई कॉटच्या कडेला बसून त्यांचे पाय चोळत राही. एकदा त्यांचे डोळे उघडे बघून तिनं वाकून विचारलं, "लासूरला जायचं का?" ते तिच्याकडं बघत राहिले. दोन दिवसांनी गेले.

तेराव्याला माणसं आली. करमाडची, लासूरची, स्टेशनवरचे जुने टॅक्सीवाले. गेटमधून आत येणारा प्रत्येक जण आधी मोटारीपाशी थांबायचा. एक जण म्हणाला, अगदी कालच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते. मी मान डोलावली. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "शेवटी वळखलं का हो तुम्हाला?"

"नाय," आई म्हणाली. मग पदरानं ओठ टिपत म्हणाली, "पण वळख झाली होती आमची."

काकूंना काही कळलं नाही. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी कामावर जाऊ लागले. ग्रुपवर मोटारीचे फोटो टाका म्हणून निरोप यायचे, मी टाकले नाहीत. मोटारीवर ताडपत्री घातली आणि ती काढायचं धाडस होईना. मिस्त्री मधून मधून फोन करत. उभी गाडी बिघडते, चालू करून ठेवत जा, असं त्यांचं म्हणणं. बघते म्हणून मी फोन ठेवायची. उन्हाळा लागल्यावर आईच एकदा म्हणाली, "बॅटरी उतरली असंल. बोलाव त्यांना."

मिस्त्री रविवारी सकाळी आले. ताडपत्री काढली, बॅटरी जोडली, बॉनेट उघडून काहीबाही तपासलं. दोन-तीनदा घरघरून इंजिन लागलं. आई चहा घेऊन बाहेर आली, त्यांच्या हातात कप दिला आणि इंजिन तापेपर्यंत तिथंच उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "आवाज मस्त है, माँजी." तिनं हो म्हटलं. मग गॅसवर दूध ठेवलंय म्हणून ती आत गेली.